थुंकीनं निघालेलं निशाण

कापसाचा बोळा आधी जिभेला लावायचा,
मग समुद्राला.
दीड महिना मी हेच करते आहे,
संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, कमाटीबागेकडे पाठ करून.
कपाटात रसायनं आहेत, कुलूपबंद,
पण जुन्या तेलरंगावरची काजळी
माणसाच्या थुंकीचं जेवढं ऐकते
तेवढं दुसऱ्या कशाचंच नाही.
म्हणून सकाळी चहा नाही, बडीशेप नाही,
लीला चिवडा तर नाहीच नाही.

चौकटीखालच्या पितळी पट्टीवर
गावाचं नाव कळंकानं खाल्लंय.
वाचता येतं एवढंच: आफ्रिकेचा उत्तर किनारा,
सोळाशे साठ-काहीतरी,
आणि शेवटी, ठळक, विजय.

त्रेसष्ट गलबतं मोजली.
तांदळाच्या कणीएवढी माणसं
कमरेइतक्या पाण्यात, बंदुका डोक्यावर धरून,
विश्वामित्री चढली की परशुराम भठ्ठ्यातले लोक
गाद्या घेऊन निघतात तशी.

गुरुवारी बुरुजावर बोळा फिरवताना
निशाणाचा पांढरा रंग कापसावर आला.
थांबायला हवं होतं. थांबले नाही.
खाली मळकट हिरवं,
त्याखाली लाल. त्या गावाचंच लाल,
स्वारी यायच्या आधीपासून तिथं फडकणारं.

म्हणजे कुणीतरी नंतर, शंभरेक वर्षांनी,
पातळ रंगात, घाईघाईनं
हा विजय वरून चढवला होता.
गिऱ्हाईक अडून बसलं असेल.
दिवाणखान्यात पराभव कोण टांगतं?

मग एकेक सुटत गेलं.
धुरातून तोफा निघाल्या, वाळूत रुतलेल्या, तोंडं तिरपी,
शेजारी कुणी नाही.
होड्यांची नाकं समुद्राकडे.
पाण्यातली ती माणसं
उतरत नव्हती गं बाई,
चढत होती.
एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन, मिळेल त्या होडीत.
वर एका गच्चीवर कुणीतरी
मासे वाळत घालतंय
आणि खाली बघतसुद्धा नाही.

जेसंगभाई झाडू टेकवून उभे राहिले.
"बेन, आ लोको तो पाछा जाय छे."
मी म्हटलं, आत्ताच कळलं मला.
ते म्हणाले, मला नऊ वर्षांपासून माहीत आहे.
शिडं बघा ना, वारा जमिनीकडून आहे.
त्यांचे आजोबा खंभातच्या आखातात होडी हाकायचे.
नऊ वर्षं रोज या चित्रापुढची फरशी पुसली त्यांनी,
कुणी विचारलं नाही.

कारखानीस साहेब चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, आता एवढ्यावर ठेवा.
सूची छापून झाली आहे,
तिच्यात विजय आहे.

जिना उतरताना देवमाशाचा सांगाडा लागतो.
भरतीबरोबर महीच्या मुखात शिरला होता,
ओहोटीला परत फिरायला जमलं नाही.
शाळेची पोरं त्याच्या बरगड्या मोजतात, चुकतात,
पुन्हा पहिलीपासून सुरू करतात.
त्याच्या पाटीवर कुणी काही वाढवलेलं नाही.

मी वर परत आले.
इनॅमलच्या वाडग्यात वापरलेले बोळे:
राखट, ओलसर,
एक अख्खा विजय, पावशेर भरेल न भरेल.

आणि डाव्या कोपऱ्यात, वार्निशच्या पिवळ्या थराखाली
एक जण अजून किनाऱ्यावरच आहे.
खडकावर बसलाय,
बूट काढून त्यातली वाळू झटकतोय, निवांत,
पाठीमागे शेवटची होडी सुटलेली.
उद्या त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचेन,
साहेब काहीही म्हणोत.
आज तोंड कोरडं पडलंय.